कोंबडीचा धडा

नवापूर, २० फेब्रुवारी

जालम,

फोनवर तू 'हं, हं' करतोस आणि ठेवून देतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र मधेच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि फाडण्याआधी तू निदान पहिलं पान वाचशील एवढं मी माझ्या धाकट्या भावाला ओळखते. घरी आपण कसंही बोलत असलो तरी हातात पेन आलं की मला शाळेचीच मराठी सुचते. बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिल्यावर दुसरं काय होणार.

सोनम बरी आहे. तू सुरतेला त्या मिलवर रखवालीला गेलास तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. मलेरियाच्या गोळ्या संपल्या, ताप पुन्हा आला नाही. जेवते, पण भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलत नाही आणि जास्त झालं तरी नाही. आधी एवढ्यातेवढ्यावरून माझ्याशी भांडणारी तुझी मुलगी. मला तिची भांडणं हवी आहेत.

तुझ्या कोंबड्यांच्या शेडकडे मी एकदा जाऊन आले. पक्षी पुरले त्या मागच्या खड्ड्यावर टाकलेला चुना अजून पांढरा दिसतो. आत गेले नाही. रस्त्यावरूनच बघितलं आणि परत फिरले. त्या बाजूच्या सगळ्याच पोल्ट्र्या अजून रिकाम्या आहेत, इतकी शांतता तिथे कधी नव्हती.

गुरुवारचं वाचन पुन्हा सुरू झालं. तू त्याला बायकांची शाळा म्हणून नाक मुरडायचास आणि एकदाही आला नाहीस, म्हणून ते कसं चालतं ते सांगते. चार वाजता चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही दहा-बारा जण जमतो. आपल्या पाळकांच्या बायकोला, धनुबाईला, कुठल्याशा शिबिरात एक पातळसं पुस्तक मिळालं. प्राण्यांकडून माणसानं काय शिकावं यावर आहे. एका आठवड्याला एक प्राणी. ज्याची पाळी असेल त्यानं धडा मोठ्यानं वाचायचा आणि मग आपल्या घरच्या जनावराची एक खरी गोष्ट सांगायची. शेवटी प्रत्येकानं आपली प्रार्थनेची गरज एका चिठ्ठीवर लिहायची, नाव न घालता, आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची. डबा फिरतो, प्रत्येक जण एक चिठ्ठी उचलतो. हाती आलेल्या चिठ्ठीसाठी आठवडाभर प्रार्थना करायची. ती कुणाला दाखवायची नाही आणि कुणाची असेल त्यावर बोलायचं नाही. हा नियम आजवर कुणी मोडलेला नाही.

काल गाढवाचा धडा होता. गाढव तक्रार न करता ओझं वाहतं, माणसानंही तसंच वाहावं, असं लेखकाचं म्हणणं. वीटभट्टीवर आयुष्य काढलेले एक आजोबा येतात, ते हसायला लागले. म्हणाले, आमचं गाढव दोन विटा जास्त टाकल्या की रस्त्यातच बसायचं आणि विटा काढल्याशिवाय उठायचं नाही. लेखकानं गाढव फक्त चित्रात पाहिलं असावं.

आता मूळ गोष्ट. सोनम आणि उमाकांतच्या लग्नाचे दोन पुकारे चर्चमध्ये झाले. तिसऱ्या रविवारी पाळकांनी 'कुणाची हरकत आहे का' असं विचारलं आणि सगळ्या मंडळीत एकटा तू उभा राहिलास, मुलीचा बाप. जावई म्हणून घरी चहा प्यायला आला, शेडमधले मेलेले पक्षी बघून गेला आणि तीन दिवसांनी सरकारी माणसं घेऊन आला, असं तू म्हणालास. पाळक म्हणतात, ही हरकत जालमसिंगनं स्वतः मागे घ्यावी, नाहीतर ती खोटी आहे हे मंडळीसमोर दिसावं. त्याशिवाय तिसरा पुकारा होणार नाही, आणि तिसऱ्या पुकाऱ्याशिवाय लग्न नाही. उमाकांतच्या घरचे ईस्टरपर्यंत थांबणार आहेत. मग दुसरीकडे बघतील.

उमाकांत जनावरांच्या सरकारी दवाखान्यात आहे. पक्षी मरताहेत अशी खबर आली की जाणं ही त्याची नोकरीच आहे. खबर कुणी दिली ते देवाला ठाऊक. मी त्यावर काय बोलू. तू फक्त एवढंच कर, चार ओळी लिहून पाळकांना पाठव की माझी हरकत मी मागे घेतो. सोनमसाठी कर.

आक्का

नवापूर, ६ मार्च

जालम,

पाळकांना तुझ्या चार ओळी आल्या नाहीत. सोनमच्या मोबाइलवर मात्र तुझा निरोप आला, त्या माणसाचं नाव काढू नको म्हणून. तिनं तो मला दाखवला आणि फोन उशीखाली ठेवला.

तुला वाटत असेल की उमाकांत इथे मजेत आहे. तर ऐक. तुझ्या शेडपासून बर्ड फ्लू पसरू नये म्हणून किलोमीटरभरातल्या सगळ्या पोल्ट्र्यांमधले पक्षी मारले गेले, हे तुला माहीतच आहे. त्या सगळ्या घरांचा राग आता त्याच्यावर आहे. कुणाची गाय अडली तरी त्याला बोलावत नाहीत, गुजरातमधून खासगी डॉक्टर आणतात. बाजारात तो समोर आला की लोक भाव विचारण्यात गुंततात. गेल्या रविवारी तो चर्चमध्ये ज्या बाकावर बसला त्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. एवढ्या लांब बाकावर एकटा माणूस कसा दिसतो ते मी दोन तास बघत होते.

त्याहून वाईट सांगते. सोनमलाही आता त्याचा संशय येतो. ती स्टेशनजवळ त्याला भेटली होती. हो, मला विचारून गेली होती, तिच्यावर डाफरू नकोस. तिनं त्याला सरळ विचारलं की आमच्या घरातली गोष्ट तुला कळली कशी. तो गप्प. तू चहाला आलास तेव्हा शेडमध्ये डोकावलास का? तर नाही म्हणाला. मग कुणी सांगितलं? पुन्हा गप्प. घरी येऊन ती मला म्हणाली, "फुई, त्यानी सांगं व्हतं तरी माले राग नही. पन तो मन्हासंगे बी खरं बोलत नही, आते आख्खा जलम कसा काढू?"

मी तिला म्हटलं, सरकारी नोकरीत काही गोष्टी सांगता येत नसतात. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

या आठवड्यात मुंगीचा धडा झाला. मुंगी उन्हाळ्यात साठवते म्हणून शहाणी. धनुबाईनं घरची गोष्ट सांगितली की तिच्या साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या आणि तिनं डबा उन्हात ठेवला, तर मुंग्या अंडी तोंडात धरून पळाल्या, साखरेचा कण कुणी घेतला नाही. मी उठून खोलीची खिडकी उघडली.

जालम, एक शक्यता मला सुचते, ती तुला सांगून ठेवते. उमाकांतही आमच्या वाचनाला येतो. तू चिडून असशील म्हणून आधी लिहिलं नाही. समजा कुणीतरी डब्यात तशी चिठ्ठी टाकली असेल आणि ती त्याच्या हाती आली असेल, तर नियमाप्रमाणे त्याला नाव सांगता येणार नाही. तो मान खाली घालून बसतो त्याचं कारण हेही असू शकतं. तू यावर विचार कर आणि हरकतीचं बघ. ईस्टरला एकच महिना आहे.

आक्का

नवापूर, १३ मार्च

जालम,

काल कोंबडीचा धडा होता आणि वाचायची पाळी उमाकांतची होती. पाळ्या डिसेंबरातच लावून ठेवल्या होत्या, हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. त्यानं पुस्तक हातात घेतलं आणि पोल्ट्रीवाल्या घरांतल्या चार बायका उठून निघून गेल्या. त्यांतल्या एकीनं जाताना खुर्ची जोरात सरकवली. धनुबाईनं त्यांना थांबवलं नाही. आम्ही सात जण उरलो.

त्यानं धडा वाचला. कोंबडी घारीची सावली ओळखते, हाक मारते, पिल्लांना पंखाखाली घेते, माणसानं तिच्याकडून माया शिकावी, असं सगळं. वाचताना त्याचा आवाज नीट होता. मी मनात म्हणत होते की या लेखकाला एकदा आपल्या शेडमध्ये आणायला हवं होतं. आपल्या पक्ष्यांनी आयुष्यात पिल्लू पाहिलेलं नसतं. मशीनमध्ये जन्मायचं, पिंजऱ्यात उभं राहायचं, अंडं घालायचं आणि ते आपल्यासमोरून उतारावरून घरंगळत जाताना बघायचं. त्यांनी कुणाला पंखाखाली घ्यायचं?

मग घरची गोष्ट सांगायची वेळ आली. तो म्हणाला, माझ्या घरी कोंबडी नाही, मी मारलेल्या कोंबड्यांची सांगतो. म्हणाला, पांढरे कपडे, हातमोजे, तोंडावर पट्टी घालून आम्ही शेडमध्ये शिरलो. मला वाटलं होतं पक्षी बिचकतील, गोंधळ करतील. "त्या बिचकन्यात नही. रोज दाना टाकनारा हात समजीसन मान बाहेर काढीसन हातकडे उन्यात." एवढं बोलून त्यानं पुस्तक मिटलं.

त्या सकाळी तू त्यांना पाणी भरलं होतंस, जालम. माणसं येणार हे माहीत असूनही भरलं होतंस. मी रस्त्यावरून बघत होते. ते तुला कधी बोलून दाखवलं नाही, आज लिहिते.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या लावत होते. उमाकांत मदतीला थांबला. दोन खुर्च्या एकात एक घालताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, ती चिठ्ठी मी तवयच जाळी टाकी. तुम्ही घाबरू नका."

तिसरी-चौथीत मी त्याला शिकवलंय. हात धरून गिरवायला लावलेलं माझं अक्षर तो ओळखणार नाही तर कोण ओळखणार. त्याला वाटतंय की मी भीतीनं झुरतेय, आणि तो मला धीर देतोय. ज्याचं लग्न मोडायला आलं आहे तो मला धीर देतोय.

म्हणून लिहिते. चिठ्ठी माझी होती. तुझ्या शेडमध्ये रोज पक्षी मरताहेत, सोनमला ताप आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा, एवढंच मी लिहिलं होतं. माझं नाव घातलं नव्हतं. ती योगायोगानं त्याच्या हाती गेली. प्रार्थना मागणं हा गुन्हा असेल तर मी गुन्हेगार आहे. पण मी कुणाच्या दारात जाऊन चुगली केली नाही, एवढं लक्षात घे.

आक्का

नवापूर, १७ मार्च

जालम,

मागच्या पत्रात एक शब्द खोटा आहे. शोधायचे कष्ट तुला देत नाही. 'योगायोगानं' हा तो शब्द.

पोस्टात टाकलं आणि घरी येईपर्यंत मला माझीच चीड आली. बत्तीस वर्षं मुलांना सांगत आले की अर्धं खरं सांगू नका, आणि सत्तरी जवळ आल्यावर स्वतः हप्त्याहप्त्यानं खरं सांगतेय. आज सगळं सांगते.

त्या गुरुवारी डबा फिरवायचं काम माझ्याकडे होतं. मी माझी चिठ्ठी डब्यात टाकलीच नाही. चार घड्या घालून मुठीत धरली होती. डबा उमाकांतसमोर नेला, त्यानं हात पुढे केला, आणि मी ती त्याच्या हातात दिली. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि चिठ्ठी खिशात घातली. देवापुढे जायला निघालेली गोष्ट मी पत्ता घालून पाठवली, असं म्हण हवं तर.

आणि चिठ्ठीत प्रार्थना नव्हतीच. शेड कुठली, पक्षी किती दिवसांपासून मरताहेत आणि शनिवारी ते विकायला न्यायची गाडी येणार आहे, हे लिहिलं होतं.

आता का दिली ते. आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी मी तुमच्याकडे जेवणाचा डबा घेऊन आले होते. सोनम शेडमध्ये मेलेले पक्षी उचलून खाद्याच्या रिकाम्या पोत्यांत भरत होती. हात उघडे, ओढणीचं टोक तोंडात धरलेलं, अंगात ताप. मी तिच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. दवाखान्यात ने म्हटलं तर तू म्हणालास, तिथे विचारतील काय काम करते, मग सगळं उघडं पडेल. मी म्हटलं, उघडं पडू दे, तूच जाऊन सांग, आपणहून सांगणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. तेव्हा तू म्हणालास, "चार दिन थांब आक्का, शनिवारले गाडी निंघी जाऊ दे, मंग सांगसूत."

ते पक्षी कुठल्या तरी गावच्या बाजारात जाणार होते. कुणाच्या तरी सोनमच्या हातात. मी तुझ्या अंगणात उभी होते आणि मला तू ओळखू येत नव्हतास. आई गेल्यावर मी तुला वाढवलं, जालम. तू वाईट नाहीस. तू घाबरला होतास. पण घाबरलेल्या माणसानं मुलीला त्या शेडमध्ये पाठवायचं नसतं.

गाडीची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. उमाकांतला चिठ्ठीतून कळली, ती त्यानंही कुठे लिहिली नाही की बोलली नाही. तू त्याला चोर म्हणतोस, त्यानं तुला तुरुंगापासून वाचवलं आहे.

मग मी गप्प का राहिले, हे तू विचारशील. सोनमची तपासणी झाली आणि ताप मलेरियाचा निघाला. पक्ष्यांचा काही संबंध नव्हता. पक्ष्यांचा आजार खरा ठरला, पण मी ज्या कारणासाठी हात पुढे केला ते कारणच राहिलं नाही. त्या दिवशी खड्ड्याजवळ उभा राहून तू म्हणालास, "ज्यानी सांगं त्यानं तोंड मी जलमभर देखाव नही." मी तुझ्या शेजारी उभी होते. तू माझा हात धरला होतास. नवरा नाही, मूल नाही, नोकरी संपलेली, माझं म्हणावं असं एकच माणूस या जगात, आणि ते माझा हात धरून हे बोलत होतं. मी तोंड शिवून घेतलं.

त्यानंतर चर्चच्या दारात तू उमाकांतच्या कानाखाली वाजवलीस, तेव्हाही मी तिथेच होते. त्यानं गालावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली बघून चपला शोधू लागले. चपला समोरच होत्या. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी चिठ्ठीची वाटत नाही. चिठ्ठी मी पुन्हा देईन. गप्प मात्र राहायला नको होतं.

तुझी हरकत तू मागे घेतोस की नाही याची आता मी वाट बघत नाही. रविवारी मी मंडळीत उभी राहणार आहे. तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्याआधी माझ्याकडून जावं म्हणून हे पत्र.

आक्का

नवापूर, २२ मार्च, रविवार

जालम,

झालं. पाळकांना आणि पंचांना मी कालच जाऊन सांगून ठेवलं होतं. आज उपासना संपल्यावर पाळक म्हणाले, तुळशीबाईंना काही बोलायचं आहे. मला वाटलं होतं की शाळेतल्यासारखा आवाज निघेल, पण तो निघाला नाही. पुढच्या बाकाची कड धरली आणि बोलले, "खबर मी दिधी. उमाकांत कोनाच्या शेडमा डोकावना नही. मन्ही चिठ्ठी वाचीसन तो कामले गया."

गाडीबद्दल अक्षर काढलं नाही. एकानं मागून विचारलं, भावाला आधी सांगायचं होतं ना. मी म्हटलं, सांगितलं होतं, आणि खाली बसले. पुढे कुणी विचारलं नाही. तू बोलशील तर तू बोल, माझ्या तोंडून ते निघणार नाही.

पंच दारापाशी जमून दहा मिनिटं बोलले. मग पाळकांनी सांगितलं की हरकतीचं कारण उरलेलं नाही, आणि तिसरा पुकारा केला. 'कुणाची हरकत आहे का' म्हणून ते थांबले तेव्हा मी डोळे मिटून घेतले. कुणी उभं राहिलं नाही.

बाहेर पडताना ज्यांच्या पोल्ट्र्या गेल्या त्यांनी माझ्यासाठी वाट मोकळी करून दिली, अंगाला अंग लागू नये म्हणून. माझ्या शाळेत शिकलेल्या पोरी होत्या त्यांत. त्यांच्याही शेडमध्ये आजार पोचला असता, हे आज ना उद्या त्यांना पटेल. किंवा नाही पटणार. धनुबाईनं मात्र हात धरला आणि म्हणाली की नियम चिठ्ठी उचलणाऱ्याला होता, लिहिणाऱ्याला नव्हता, म्हणून मी तो मोडलेला नाही. डबा फिरवायचा मात्र तिनं बंद केला. यापुढे ज्याला प्रार्थना हवी त्यानं तोंडानं मागायची. मला ते बरं वाटलं.

सोनम घरी येईपर्यंत माझ्या पुढे चालत होती. मी चहा ठेवला, तिनं गॅस बंद केला. "ताप व्हता म्हनीसन सांगं, ते माले समजनं फुई," ती म्हणाली. "पन दोन महिना तू त्याले मन्हासमोर खोटा व्हवू दिधा. ते नही समजनं." मग ती रडली आणि मीही रडले, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

तिन्हीसांजेला उमाकांत आला. अंगणातच उभा राहिला. सोनम बाहेर गेली आणि दोघं फाटकापाशी बराच वेळ बोलत होते. मी खिडकीपासून लांब बसले, कारण चोरून ऐकण्याएवढा हक्कही आता मला नाही. आत येऊन ती जेवायला बसली आणि म्हणाली, भाजीत मीठ जास्त आहे.

आक्का

नवापूर, ८ एप्रिल

जालम,

तू पाळकांना फोन केलास ते कळलं. लग्नाला येतोस, मुलीचा हात तूच देणार, फक्त आक्का समोर नको, असं तू म्हणालास. पाळकांना हे मला सांगताना फार जड जात होतं. त्यांना वाटलं मी रडेन. मी म्हटलं, येतोय ना, मग झालं.

सोनमला हे आवडलेलं नाही. फुई नाही तर मीही उभी राहणार नाही म्हणाली, आणि माझ्यावर अजून पुरता राग असताना म्हणाली. मी तिला गप्प केलं. बाप आणि फुई यांतलं एकच माणूस मिळणार असेल तर मुलीनं लग्नात बापाला निवडावं. त्यात माझा काही मोठेपणा नाही. तुला दोन महिने मी खोटं बोलून जवळ ठेवलं, खरं बोलल्यावर तू खड्ड्याजवळ म्हणाला होतास तसा दूर गेलास, आणि हे मला समजतं. दुखतं, तेही लिहून टाकते.

शनिवारी सकाळी मी पहिल्या बसनं अक्कलकुव्याला जाते. तिथे शाळेतली एक मैत्रीण आहे, तिच्याकडे दोन दिवस राहीन. तू सुरतेहून सकाळच्या गाडीनं उतर, तोवर मी गेलेली असेन, तुला वाट वाकडी करावी लागणार नाही. घराची किल्ली सोनमकडे आहे. तुझा पांढरा सदरा धुऊन इस्त्री करून कपाटात वर ठेवला आहे. पाहुण्यांच्या जेवणाचं धनुबाई बघणार आहे. सोनमच्या पायाला नव्या सॅंडलनं फोड आला आहे, तिला फार वेळ उभी ठेवू नको. फोटोवाल्याला सांग.

माझ्यावर रागाव. जन्मभर रागाव, तो तुझा हक्क आहे. तुला न सांगता तुझं सगळं उद्ध्वस्त होण्याचं कारण मी झाले, आणि वर तुझ्या शेजारी उभी राहून तुझं सांत्वन करत होते. याची माफी मी मागितली आहे, पुन्हा मागते, आणि तू दिली नाहीस तरी तुझ्याकडे मागण्याजोगं माझं दुसरं काही नाही.

पण उमाकांतचं काही चुकलेलं नव्हतं. तू मारलंस त्या दिवशीही नाही आणि त्याच्या आधीही नाही. त्यानं तुझं गुपित राखलं, माझं राखलं, आणि दोघांच्या गुपितांपायी स्वतःचं लग्न जाऊ देत होता. मंडळीत उभं राहून मला जे सांगता आलं ते मी सांगितलं. तुझ्या हातून जे घडलं ते मला परत घेता येत नाही, ते तुझंच आहे. शनिवारी सोनमचा हात तू त्याच्या हातात देशील, तेव्हा क्षणभर त्याचा हात सोडू नकोस. हळू आवाजात म्हण, कुणाला ऐकू नाही गेलं तरी चालेल, एवढंच म्हण की चुकलं. मी तिथे नसेन, त्यामुळे तू म्हणालास की नाही हे मला कधी कळणार नाही, आणि मी कुणाला विचारणारही नाही.

तुळशी